ऐझॉल, बालेवाडी आणि एक गुण

परवा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीचं भांडण सुरू झालं. फुटबॉलमधला सगळ्यात चुरशीचा लीग सीझन कुठला? पहिल्याने अपेक्षेप्रमाणे इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा 2011-12 टाकला. मँचेस्टर सिटीचा अग्वेरो, 94व्या मिनिटाचा गोल, शर्ट काढून धावणं. दुसरा म्हणाला 2018-19, सिटी 98, लिव्हरपूल 97, विषय संपला. ग्रुपातले आजोबा (वय फक्त 58, पण ग्रुपात आजोबाच) 1989 चं ॲनफिल्ड घेऊन आले, मायकल थॉमस आणि आर्सेनल. मी लिहिलं, 2016-17. लगेच उत्तर, "अरे त्या वर्षी चेल्सी सात गुणांनी जिंकली होती, चुरस कसली?" म्हटलं, प्रीमियर लीग नाही रे, आय-लीग. आपली, भारताची.

दोन मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग एक हसणारा पिवळा चेहरा आला.

त्या पिवळ्या चेहऱ्यासाठी ही पोस्ट. लांबलचक आहे, आधीच सांगतो.

आधी हिशोब. दहा संघ, प्रत्येकी 18 सामने. शेवटी मिझोरामच्या राजधानीचा ऐझॉल एफसी 37 गुण, कोलकात्याचा मोहन बागान 36. बागान संपूर्ण मोसमात फक्त दोन सामने हरलं, ऐझॉल तीन. म्हणजे कमी हरलेला संघ दुसरा आला. फरक कुठे पडला? बागानने सहा सामने बरोबरीत सोडवले, ऐझॉलने चार. 38 सामन्यांच्या लीगमध्ये एखादी बरोबरी खपून जाते, 18 सामन्यांत ती मानगुटीवर बसते. जानेवारीत "ठीक आहे, एक गुण तरी मिळाला" म्हणून सोडून दिलेले दोन गुण एप्रिलमध्ये व्याजासकट वसूल होतात.

पण मला गुणतक्त्यापेक्षा त्याच्या आधीची गोष्ट जास्त आवडते. आणि त्यात आपले हात अडकलेले आहेत, पुण्याचेही, मुंबईचेही आणि गोव्याचेही.

ऐझॉल एफसी 2015-16 ला पहिल्यांदा आय-लीगमध्ये आला. तेव्हा नऊ संघ होते. ऐझॉल आठवा आला. नववा, म्हणजे सगळ्यात शेवटचा, कोण? आमच्या पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. नियम असा की कॉर्पोरेट मार्गाने थेट प्रवेश घेतलेल्या संघाला सुरुवातीला रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण, लागू नाही. त्यामुळे शेवटचा संघ जागेवर राहिला आणि त्याच्या वरचा खाली ढकलला गेला. नापास झालेल्या मुलाला वरच्या वर्गात घालून त्याच्या पुढच्या बाकावरच्या पोराचा दाखला हातात द्यावा, तसा प्रकार. त्याच वर्षी मे महिन्यात ऐझॉल फेडरेशन कपच्या फायनलला पोचला होता. गुवाहाटीत मोहन बागानने त्याला 5-0 असं धुतलं, ती गोष्ट वेगळी.

मग गोव्याने खेळ फिरवला. देशाच्या फुटबॉल फेडरेशनने नवा आराखडा मांडला होता, आयएसएल (इंडियन सुपर लीग) सगळ्यात वर, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर जायची वाट नाही. 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा बाहेर पडले. दुसऱ्या डिव्हिजनमधून जिंकून परत आलेला धेंपोही बाहेर पडला. धेंपो म्हणजे कोण, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. पाच वेळा देशाचा विजेता. 2007-08 ला आय-लीग सुरू झाली तेव्हापासून 2012-13 पर्यंतची सहाच्या सहा जेतेपदं गोव्यात गेली, धेंपो तीन, चर्चिल दोन, साळगावकर एक. तीन वर्षांनी त्याच गोव्याचे तीन क्लब म्हणाले, आम्ही नाही खेळत जा.

जागा रिकाम्या झाल्या. भरायला फेडरेशनने ऐझॉलला परत बोलावलं.

म्हणजे बघा, पुण्याच्या क्लबला सवलत होती म्हणून ऐझॉल खाली गेला आणि गोव्याचे क्लब रुसले म्हणून वर आला. तिथल्या लोकांच्या हातात यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या हातात फक्त पुढचे 18 सामने होते.

आणि आता मुंबईचा हिस्सा. खालिद जमील.

हा माणूस महिंद्रा युनायटेडकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, दुखापतींनी कारकीर्द लवकर आटोपली. 2009 पासून मुंबई एफसीचा प्रशिक्षक. सात मोसम. क्लबकडे पैसा बेताचा, मैदानाची बोंब. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं तेव्हा घरचे सामने पुण्याला येऊन खेळायचे. अशा संघाला त्याने सात वर्षांत एकदाही खाली जाऊ दिलं नाही. खेळ बघायला रटाळ, हे मान्य. मी स्वतः त्याला "बस पार्क करणारा", म्हणजे सगळा संघ बचावाला उभा करणारा, म्हणून नावं ठेवलेली आहेत. 0-0 हा त्याचा आवडता स्कोअर असावा असं वाटायचं. 2016 ला क्लबने आणि त्याने वेगळे रस्ते धरले, आणि खालिद मिझोरामला गेला.

जाताना मुंबईतलं काय काय नेलं? जयेश राणे, आपला मुंबईचा पोरगा. आशुतोष मेहता, मुंबई एफसीत खालिदच्याच हाताखाली खेळलेला. गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकी सगळी मिझो पोरं, पायात चाकं लावल्यासारखी पळणारी. संघाचा वर्षाचा खर्च दोन कोटींच्या आसपास, असा आकडा तेव्हा बातम्यांत फिरत होता. समोर बागानकडे हैतीचा सोनी नॉर्डे, जपानचा कात्सुमी युसा, आणि आघाडीला जेजे लालपेखलुआ, तोही मिझोरामचाच! सुनील छेत्रीचा बेंगळुरू एफसी गतविजेता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खालिदच्या बाबतीत तंतोतंत खरं झालं.

22 एप्रिल 2017, शनिवार. शेवटून दुसरा सामना. ऐझॉल आणि बागान दोघांचे 33-33 गुण आणि सामना ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर. ते स्टेडियम पाहिलं नसेल तर यूट्यूबवर नक्की बघा. डोंगरात कोरून काढल्यासारखं, मागे दऱ्या आणि ढग, मैदान कृत्रिम गवताचं. कोलकात्याचे संघ तिथे पोचेपर्यंतच अर्धे दमतात. सामना काही देखणा नव्हता. दोन्ही संघ एकमेकांना घाबरून होते, आणि हे मी टीका म्हणून सांगत नाहीये. खऱ्या चुरशीचे सामने असेच असतात, पास देताना खेळाडूच्या खांद्यात भीती दिसते. 83व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्तेने डोकं लावलं आणि चेंडू आत. बचावपटू. स्टार नाही, परदेशी नाही, घरचा पोरगा. 1-0. खालिदची टीम आणि 1-0, यात नवल ते काय. फक्त या वेळी त्या 1-0 साठी अख्खं राज्य रस्त्यावर आलं.

आता एक गुण हवा होता. एकच.

30 एप्रिल, रविवार. दोन सामने एकाच वेळी. कोलकात्यात रवींद्र सरोवरला बागान विरुद्ध चेन्नई सिटी, शिलाँगला तिथलाच क्लब लाजाँग विरुद्ध ऐझॉल. लाजाँगला त्या सामन्यातून मिळवायचं काही नव्हतं. दोन्ही ईशान्येचे, आणि ईशान्येला पहिल्यांदा जेतेपद येतंय. आपल्याकडे असतं तर सामन्याच्या आदल्या दिवसापासून "सेटिंग" हा शब्द फिरला असता. लाजाँगने काय केलं? नवव्या मिनिटाला गोल. कॅमेरूनचा डिपांडा, त्या मोसमात 11 गोलांसह सगळ्यात जास्त गोल करणारा. शेजारधर्म वगैरे काही नाही. मला लाजाँगबद्दल तेव्हापासून जो आदर आहे तो आजतागायत आहे. त्या एका गोलामुळे या जेतेपदावर कुणालाच बोट ठेवता आलं नाही. (हाच डिपांडा पुढच्या मोसमात बागानमध्ये गेला. फुटबॉलला विनोदबुद्धी भरपूर आहे.)

मिझोरामहून रात्रभर गाड्या चालवून आलेले लोक स्टँडमध्ये. पाऊण सामना ऐझॉल मागे. 67व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली. मग वीसेक मिनिटं नुसतं घड्याळ. तिकडे बागानने 2-1 जिंकून आपलं काम केलं होतं. इकडे 1-1 सुटला. 37 आणि 36.

मी कुठे होतो? ही कबुली द्यायची म्हणूनच खरं तर लिहायला बसलो. मी पुण्यात, बाणेरच्या एका पबमध्ये, एव्हर्टन-चेल्सी बघत होतो. त्यानंतर नऊ वाजता टॉटनहॅम-आर्सेनल होती, व्हाइट हार्ट लेनवरची शेवटची नॉर्थ लंडन डर्बी, ती चुकवून कसं चालेल? शिलाँगचा स्कोअर फोनवर पाहिला, अंगठा दाखवला आणि पुढे सरकवला. देशातल्या फुटबॉलची सगळ्यात मोठी संध्याकाळ मी अंगठ्याने पुढे ढकलली.

1 मे ची सुट्टी. मंगळवारी ऑफिसात आलो तर आमच्या मजल्यावरचा मिझो पोरगा, टेस्टिंग टीममधला, एरवी "गुड मॉर्निंग सर" पलीकडे तोंड न उघडणारा, काजू कतलीचा मोठा बॉक्स घेऊन डेस्कोडेस्की फिरत होता. लोक विचारत होते, लग्न ठरलं का? तो प्रत्येकाला मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होता, लेंगपुई विमानतळावरून शहरात येणारा रस्ता आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. मी त्याला म्हटलं, अरे भारीच, तुमचं लेस्टर झालं. तो हसला, पण ते हसू मनापासूनचं नव्हतं हे मला तेव्हाही कळलं.

का नव्हतं, ते मला बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं. तेव्हा पेपरांनी हीच उपमा वापरली होती, "भारताचं लेस्टर", 2016 ला अनपेक्षितपणे प्रीमियर लीग जिंकलेल्या लेस्टर सिटीवरून. उपमा सोपी आहे आणि चुकीची आहे. एक तर लेस्टरच्या मोसमात शेवटी चुरस उरलीच नव्हती, त्यांनी दहा गुणांनी लीग जिंकली. दुसरं, लेस्टरच्या मागे थायलंडचा अब्जाधीश होता. तिसरं आणि मुख्य, लेस्टर आदल्या वर्षी रेलिगेशनमधून वाचला होता, ऐझॉल प्रत्यक्षात खाली गेला होता. पण सगळ्यात मोठा फरक नंतरचा आहे. लेस्टर जिंकल्यावर चॅम्पियन्स लीगला गेला. ऐझॉल जिंकल्यावर त्याला प्रश्न पडला की पुढच्या वर्षी आपण देशातल्या वरच्या लीगमध्ये असणार की नाही. विजेता क्लब आमरण उपोषणाचा इशारा देत होता! जगात कुठे ऐकलंय? ट्रॉफी एका हातात आणि निवेदन दुसऱ्या हातात.

पुढे झालं ते सर्वांना माहीत आहे. आयएसएल आणि आय-लीग एकाच वेळी चालू झाल्या, बेंगळुरू तिकडे गेला, कोलकात्याचे दोन्ही नंतर गेले, 2019-20 पासून आयएसएल अधिकृतपणे वरची आणि आय-लीग खालची. 2022-23 पासून आय-लीगच्या विजेत्याला वर जायचा रस्ता उघडला. आयएसएलमधून खाली उतरायचा रस्ता मात्र पहिल्या दहा मोसमांत उघडलाच नाही.

इथे माझं मत ऐका, शिव्या नंतर घाला. मला आयएसएलचं मैदान आवडतं, कॅमेरे आवडतात, मुंबई सिटी 2020-21 ला जिंकली तेव्हा मीही उड्या मारल्या. पण ज्या लीगमध्ये तळाला भीती नाही तिथे माथ्यावरची चुरसही अर्धीच असते. मार्चमध्ये दहाव्या नंबरचा संघ पहिल्या नंबरशी खेळतो तेव्हा दहाव्याला काय पडलेलं असतं? आणि आय-लीगचा हिशोब बघा. 2014-15, शेवटचा दिवस, बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर पाऊस, बेंगळुरूला जिंकणं भाग, बागानला बरोबरी पुरे, 87व्या मिनिटाला बेलो रझाकचं हेडर आणि बागान विजेता. 2016-17 वर सांगितलीच. 2017-18, शेवटच्या दिवशी चार संघांना संधी, मिनर्व्हा पंजाब जिंकला. 2018-19, चेन्नई सिटी 43, ईस्ट बंगाल 42, पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा एक गुण. ज्या लीगला "कोण बघतं" म्हणून बाजूला सारलं, तिने पाच वर्षांत चारदा आपल्याला शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवलं. आपण बघायला नव्हतो, हा भाग वेगळा.

आता आपल्या घरातलं. 2016-17 च्या त्या गुणतक्त्यात सगळ्यात खाली कोण होतं? मुंबई एफसी. खालिद गेला आणि पहिल्याच वर्षी क्लब तळाला. मोसमाच्या मध्यात प्रशिक्षक बदलून झाला, काही उपयोग नाही. रेलिगेट झाला आणि त्याच वर्षी बंद पडला. डीएसके शिवाजीयन्स टिकला, पण मालकांचा बांधकामाचा धंदा अडचणीत आला आणि त्यांनीही 2017 मध्येच गाशा गुंडाळला. आठवून बघा, महिंद्रा युनायटेड 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 ला बंद. पुणे एफसी 2012-13 ला देशात दुसरा आला, 2015 ला खेळ खलास. भारत एफसी एक मोसम खेळला. एफसी पुणे सिटी 2019 ला हैदराबादला गेली, क्लब नव्हे जणू बदलीचा सरकारी कर्मचारी.

आणि हे सगळं चालू असताना 15 सप्टेंबर 2017 ला राज्यभर दहा लाख मुलांच्या पायात चेंडू देण्याचा सरकारी कार्यक्रम झाला, अंडर-17 वर्ल्ड कपच्या निमित्ताने. फोटो छान आले. त्या पोरांनी मोठं होऊन कुठल्या क्लबकडे जायचं होतं, ते क्लब त्याच वर्षी कुलूप लावून बसले होते.

अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 11 लाखांच्या आत. आमच्या एकट्या पिंपरी-चिंचवडची 17 लाखांच्या वर. तेव्हा "आपल्याकडे प्रेक्षक नाही" हे मला सांगू नका. कोल्हापूरवाले तर हे वाचून आधीच चिडले असतील, आणि त्यांचं बरोबर आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की पेठेच्या पेठ ओस पडते. तिथे क्लब म्हणजे तालीम, तालीम म्हणजे गल्ली, आणि गल्ली विकून हैदराबादला नेता येत नाही. ऐझॉललाही तेच आहे. पैशाने बघितलं तर दोन्ही गरीब. पण बंद पाडायला मालकाची सही पुरत नाही.

पुण्या-मुंबईत आम्ही मात्र मालकाच्या भरवशावर राहिलो. मालक कंटाळला की क्लब संपला, आणि आम्हाला फार वाईटही वाटलं नाही, कारण रात्री साडेबाराला मँचेस्टर होतंच. 21 मे 2017 ला पुण्याचा आयपीएल संघ एका धावेने फायनल हरला, ते इथल्या पोराटोरांना आजही पाठ आहे. त्याच्या तीनेक आठवडे आधी त्याच शहराच्या फुटबॉल क्लबने शेवटचा लीग सामना खेळला होता, त्याची तारीख विचारा कुणाला. मलाही शोधावी लागेल.

खालिदचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. ईस्ट बंगाल, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर असं करत करत ऑगस्ट 2025 मध्ये भारताचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. सावियो मेदेरा 2012 ला गेल्यानंतर या खुर्चीवर बसलेला पहिला भारतीय. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर बरेच जण म्हणाले, "आपला मुंबईचा माणूस!" हो, आपलाच.

2016-17 च्या त्या मोसमात मी पुण्यातल्या बालेवाडी स्टेडियमला जाऊन आय-लीगचा एक सामना पाहिला होता. स्टँडमध्ये आवाज एवढा कमी की बेंचवरून प्रशिक्षक काय ओरडतोय ते ऐकू यायचं. समोर कोण खेळत होतं ते सांगू शकत नाही. त्या सामन्याचं तिकीट परवा, त्या पिवळ्या चेहऱ्यानंतर, जुन्या लॅपटॉपच्या बॅगेत सापडलं. फोनची बॅटरी संपली होती बहुतेक, कारण मागच्या बाजूला बॉलपेनने अकरा नावं लिहिलेली आहेत. केन, हझार्ड, लुकाकू, सांचेझ. माझी त्या आठवड्याची प्रीमियर लीगची फँटसी टीम.